गरम केल्यावर मोकळा, दोन दिवसांनी पुन्हा जाम: हिवाळ्यात अडणारा विमानाचा एलिव्हेटर

कॅनडाच्या प्रेअरी भागात नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत आमच्या दुरुस्तीच्या वहीत एक नोंद सारखी येत राहते: "एलिव्हेटर जड लागला. गरम हवा दिल्यावर ठीक. उड्डाण केले." (एलिव्हेटर म्हणजे शेपटीवरचा, विमानाचं नाक वर-खाली करणारा हलता पृष्ठभाग.) दोन-तीन दिवसांनी त्याच विमानावर तीच नोंद, फक्त सही वेगळ्या विद्यार्थ्याची. कधी एलिव्हेटरच्या जागी एलेरॉन (विमान डावीकडे-उजवीकडे कलवणारा पंखावरचा हलता भाग) असतो, कधी ट्रिमचं, म्हणजे योकवरचा ताण कमी करण्याचं चाक.

मी एका फ्लाइंग स्कूलमध्ये विमानांची देखभाल करतो. इथे पुणे, नाशिक, नागपूरकडून कमर्शियल लायसन्ससाठी येणारी मुलंमुली बरीच आहेत. त्यातल्या अनेकांनी सुरुवातीचे तास बारामती किंवा धुळ्यासारख्या ठिकाणी केलेले असतात. उड्डाणापूर्वीची तपासणी त्यांना तोंडपाठ असते, पण उणे वीस अंशांत त्याच तपासणीत काय काय वेगळं शोधायचं, हे तिथे शिकवायची वेळच येत नाही. हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितो आहे. लहान विमानांबद्दल जास्त आणि पुढे तुम्ही जी एअरलाइनची विमानं उडवाल त्यांच्याबद्दल थोडं.

वरच्या नोंदीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुटलेली आहे. गरम हवेने बर्फ वितळला, त्याचं पाणी झालं. ते पाणी कुठे गेलं? ते विमानाबाहेर पडल्याचं कोणी पाहिलं नसेल, तर ते विमानातच आहे, आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा वाईट जागी आहे.

सर्वांत आधी: जोर लावू नका

योक, म्हणजे कॉकपिटमधलं नियंत्रणाचं हँडल, अडला की हात आपोआप जास्त जोर लावतो. तसं करू नका. बर्फाचा एखादा तुकडा बिजागरीत अडकलेला असेल आणि तुम्ही योक झटका देऊन ओढलात, तर पत्रा वाकू शकतो, पुश-रॉड (पृष्ठभाग हलवणारा दांडा) वाकू शकतो, ट्रिम टॅबची (ट्रिमच्या चाकाने हलणाऱ्या एलिव्हेटरवरच्या छोट्या पट्टीची) जोडणी ढिली होऊ शकते. "कट्" असा आवाज होऊन नियंत्रण मोकळं झालं, तर काय तुटलं हे कळेपर्यंत ते विमान उडवायचं नाही. बर्फ तुटला असेल, पण बर्फच तुटला हे कॉकपिटमध्ये बसून सांगता येत नाही.

इंजिन बंद करा, उतरा, आणि एलिव्हेटर हाताने हळू वर-खाली करून पाहा. मदतीला कोणी असेल तर त्याला योकवर बसवा आणि तुम्ही शेपटीशी उभे राहा. अडतं कुठे, हे कानाने आणि बोटांनी लगेच लागतं.

नेमकं कसं अडतंय?

वहीत नुसतं "जड" लिहिलं जातं, पण लक्षणं चार वेगवेगळी असतात, म्हणून निदान चुकतं.

एकाच ठरावीक जागी अडत असेल, म्हणजे अर्ध्यापर्यंत सहज जातं आणि मग भिंत लागल्यासारखं थांबतं, तर जवळजवळ नक्की घन अडथळा आहे: बिजागरीच्या फटीत, एलिव्हेटर आणि स्टॅबिलायझर (शेपटीचा स्थिर आडवा भाग) यांच्यामधल्या जागेत, किंवा हालचालीची मर्यादा ठरवणाऱ्या स्टॉपवर साचलेला बर्फ.

पूर्ण हालचालीत सारखाच जडपणा असेल तर ग्रीस घट्ट झालं असण्याची शक्यता जास्त. चुकीच्या प्रकारचं किंवा जुनं, धूळ मिसळलेलं ग्रीस उणे पंचवीसला मेणासारखं वागतं. हे काम आमचं आहे. तुम्ही फक्त "सगळीकडे सारखं जड" असं लिहा.

याच्या उलट नियंत्रण ढिलं वाटत असेल, योक थोडा हलवल्यावर एलिव्हेटर उशिरा हलत असेल, तर केबलकडे बघायला हवं. विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, केबल पोलादी. थंडीत ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. म्हणजे सांगाडा केबलपेक्षा आखूड होतो आणि केबल सैल पडते. पाच मीटरच्या अंतरात चाळीस अंशांचा फरक पडला तर हा फरक दोन मिलिमीटरच्या आसपास जातो. म्हणूनच देखभालीच्या पुस्तकातला केबलच्या ताणाचा आकडा तापमानाशी जोडून वाचायचा असतो. मोठ्या विमानांत ताण आपोआप सांभाळणारी यंत्रणा असते, आपल्या लहान सेसनात नसते.

चौथं लक्षण जमिनीवर दिसतच नाही: नियंत्रण पूर्ण मोकळं, पण हवेत वेग वाढला की योकमध्ये बारीक थरथर. याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण या यादीतलं सर्वांत धोकादायक तेच आहे.

पाणी लपतं कुठे

सेसना १७२ च्या एलिव्हेटर आणि एलेरॉनचे पत्रे पन्हाळीदार असतात आणि आतून पोकळ. खालच्या बाजूला, मागच्या कडेजवळ, पाणी निथळून जायला बारीक भोकं असतात. ही भोकं उन्हाळ्यातला चिखल, किडे, मेण, कधी कधी नव्या रंगामुळे बुजतात. विमान नुसतं उभं असतं तेव्हा एलिव्हेटर खाली झुकलेला असतो, त्यामुळे आतलं सगळं पाणी मागच्या कडेला जमतं आणि तिथेच गोठतं. भोकं उघडी आहेत का हे दर तपासणीत बोटाने पाहायला दोन मिनिटं लागत नाहीत. भोक बुजलेलं दिसलं तर तार खुपसू नका, आम्हाला सांगा.

ट्रिम टॅब उजव्या एलिव्हेटरवर आहे आणि त्याच्या बिजागरीची फट अगदी अरुंद. तिथे पाण्याचा एक थेंबही पुरतो. ट्रिमचं चाक फिरवून टॅब खरंच हलतो का हे बाहेरून पाहिलेले विद्यार्थी मला फार थोडे भेटले आहेत. बाकीचे चाक टेकऑफच्या खुणेवर आणतात आणि पुढे जातात.

पायपर चेरोकीची शेपटी वेगळी. तिथे पूर्ण आडवा भागच हलतो, आणि त्याचं समतोलाचं वजन एका दांड्यावर शेपटीच्या आत असतं. वाऱ्यावर उडणारा कोरडा, पिठासारखा बर्फ शेपटीच्या फटींतून आत शिरतो आणि त्या दांड्याभोवती साचतो. बाहेरून विमान स्वच्छ दिसतं. हिमवादळाच्या रात्री बाहेर उभ्या राहिलेल्या चेरोकीची शेपटी आतून टॉर्च मारून पाहिल्याशिवाय मी ती सोडत नाही.

पाणी आलं कुठून

इथे खरा तपास सुरू होतो. पुन्हा पुन्हा होणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रकरणात शेवटी पुढच्या चारपैकी एखादं कारण निघतं.

पहिलं आणि सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे गरम हँगर. बर्फ अंगावर असलेलं विमान आत ढकललं जातं. रात्री बर्फ वितळतो, पाणी फटींतून आत उतरतं. सकाळी पंख कोरडे, चकचकीत दिसतात. दार उघडतं, विमान उणे वीसमध्ये बाहेर येतं, आणि टॅक्सी करून, म्हणजे जमिनीवर चालत, रनवेपर्यंत पोचायच्या आत बिजागरीतलं पाणी गोठतं. हँगरमध्ये केलेली नियंत्रणाची तपासणी अगदी खरी असते, फक्त ती बाहेरच्या हवेत लागू राहत नाही.

यावर उपाय दोन. आत नेण्यापूर्वी मऊ झाडूने बर्फ झाडा, विशेषतः शेपटीवरचा, कारण तो उंच असल्यामुळे हमखास राहतो. आणि आत नेलंच तर पूर्ण वाळेपर्यंत राहू द्या. दोन तास आत ठेवून अर्धवट ओलं विमान बाहेर काढणं हा सर्वांत वाईट पर्याय. त्यापेक्षा रात्रभर कव्हर घालून बाहेर उभं असलेलं विमान बरं. बाहेर बर्फ पडत असेल तर आधी हँगरचं दार उघडून विमानाचा पत्रा थंड होऊ द्या. गरम पत्र्यावर पडणारा बर्फ वितळून चिकटतो, थंड पत्र्यावरचा कोरडा बर्फ झाडला की जातो. दार उघडं ठेवलं की हँगरमधले बाकीचे लोक ओरडतात हे मला माहीत आहे. त्यांना कारण समजावून सांगा.

दुसरं कारण म्हणजे आपलाच उपाय. गरम हवेचा पाइप एलिव्हेटरवर धरला की पृष्ठभागावरचा बर्फ वितळून पाणी बिजागरीत उतरतं. हवा काढली की तिथे गोठतं, कधी तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी. पाइप वापरायचाच असेल तर आधी शक्य तितका बर्फ झाडून काढा, हवा वरून खाली आणि फटीतून बाहेर जाईल अशी द्या, सोबत कोरडं फडकं घेऊन पाणी टिपत राहा, आणि नियंत्रण मधूनमधून पूर्ण हलवा म्हणजे आतलं पाणी निथळेल. पाणी दिसायचं थांबल्यावरही थोडा वेळ हवा चालू ठेवा. घाई असेल तर हा उपाय करूच नका. उकळतं पाणी ओतण्याचा विचारही नको. खरवडणी, स्क्रू-ड्रायव्हर, क्रेडिट कार्ड यांनी बर्फ खरवडू नका. गाडीच्या काचेवर मारायचा द्रव विमानाच्या काचेवर तर मुळीच नको. अल्कोहोलमुळे ॲक्रिलिकच्या काचेला बारीक तडे जातात.

तिसरं कारण टॅक्सीमध्ये घडतं. शून्याच्या आसपास तापमान असताना टॅक्सीवेवर पाणी आणि बर्फाचा चिखल (स्लश) असतो. पंख्याचा (प्रोपेलरचा) वारा आणि चाकं तो उडवून फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली उतरणारे भाग), शेपटी आणि एलिव्हेटरच्या खालच्या बाजूला चिकटवतात. हळू चालवा, डबकी टाळा, पुढच्या विमानाच्या मागे अंतर ठेवा, आणि उड्डाणाआधीची फ्लॅपची जागा घेईपर्यंत फ्लॅप आत ठेवा. अशा दिवशी नियंत्रणाची तपासणी एकदाच करून भागत नाही. इंजिन सुरू केल्यावर एकदा, इंजिनच्या रन-अपच्या (टेकऑफपूर्वी इंजिन जोरात चालवून तपासण्याच्या) वेळी एकदा, आणि रनवेवर जायच्या अगदी आधी एकदा.

चौथं म्हणजे विमान धुणं, किंवा दिवसा पाऊस आणि रात्री कडाका. ऑक्टोबरमध्ये हे फार होतं. त्याबद्दल वेगळं काही सांगायला नको: वाळवा, निथळवा, भोकं पाहा.

पाणी आत गोठलं आणि नियंत्रण मोकळं आहे, तेव्हा

नियंत्रणाच्या प्रत्येक पृष्ठभागाचं वजन बिजागरीभोवती मोजून-मापून तोललेलं असतं. हा हिशेब इतका बारीक की एलेरॉन किंवा एलिव्हेटर पुन्हा रंगवला तर समतोल परत तपासावा लागतो. आता विचार करा: नुसत्या रंगाच्या थराने जो हिशेब बिघडू शकतो, तिथे मागच्या कडेला, बिजागरीपासून सर्वांत लांब, गोठलेलं पाणी बसलं आहे. मागचा भाग जड झाला की एका वेगानंतर तो पृष्ठभाग स्वतःच फडफडू लागतो. यालाच फ्लटर म्हणतात, आणि तो वाढला तर काही सेकंदांत पृष्ठभाग किंवा शेपूटच तुटू शकते.

म्हणून हवेत थरथर जाणवली तर लगेच पॉवर कमी करा, वेग उतरवा, योक घट्ट पण झटका न देता धरा, आणि हळू वेगाने परत या. उतरल्यावर "आता थरथर नव्हती" म्हणून विमान पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती देऊ नका. जमिनीवर एक साधी खूण मिळते: एलिव्हेटर हाताने हलवताना आत काही सरकल्याचा, खुळखुळल्याचा आवाज येतो का ते ऐका. एका बाजूचा एलेरॉन दुसऱ्यापेक्षा जड लागतो का ते पाहा.

हवेत अडलं तर

जमिनीवर दोन अंश, भुरभुर पाऊस, नियंत्रणं मोकळी. वर चढत गेलं की उणे दहा. बिजागरीतलं पाणी तिथे गोठतं. ऑटोपायलट लावलेला असेल तर तो बराच वेळ निमूटपणे ताण सोसत राहतो आणि तुम्हाला काही कळत नाही. तो सुटतो तेव्हा विमान अचानक नाक वर किंवा खाली टाकतं. अशा हवेत मधूनमधून ऑटोपायलट काढून हाताने उडवून पाहा.

एलिव्हेटर खरंच अडला तर एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: ट्रिम उलटं काम करतं. एरवी टॅब एलिव्हेटरला हलवतो. एलिव्हेटर जागीच थिजला की टॅब स्वतःच एक छोटा एलिव्हेटर होतो, आणि नाक वर करण्यासाठी फिरवलेलं चाक नाक खाली नेतं. अगदी थोडं फिरवा, परिणाम पाहा, मग पुढे. पॉवर कमी-जास्त करूनही नाक वर-खाली नेता येतं. उबदार हवेत उतरता येत असेल तर उतरा, आणीबाणी जाहीर करा, लांब रनवे मागा.

मोठ्या विमानांत हाच दोष वेगळ्या वेषात

एअरलाइनमध्ये गेल्यावर वाटेल की डी-आयसिंगची, म्हणजे बर्फ काढणारा द्रव फवारणारी गाडी येते, काळजी मिटली. तिथे पाण्याच्या जोडीला दुसरा पदार्थ येतो.

डी-आयसिंगचा नारिंगी द्रव, म्हणजे टाइप वन, पातळ असतो आणि गरम करून बर्फ काढायला वापरतात. हिरवा टाइप फोर दाट असतो. तो पंखावर थर धरून राहतो आणि पडणारा बर्फ काही काळ चिकटू देत नाही. टेकऑफच्या वेगात वाऱ्याने तो वाहून जावा अशी त्याची रचना असते. पण जिथे वारा पोचत नाही, एलिव्हेटरच्या पुढच्या कडेमागच्या पोकळीत, बिजागऱ्यांच्या कोपऱ्यांत, टॅबच्या जोडण्यांवर, तिथे तो राहतो. त्यातलं गोठणं रोखणारं ग्लायकॉल आणि पाणी उडून जातं, आणि घट्टपणा आणणारा पदार्थ पातळ, कोरड्या पापुद्र्यासारखा मागे उरतो. तो जवळजवळ दिसत नाही. पुढच्या पावसात मात्र तो सब्जाच्या बियांसारखा पाणी पिऊन फुगतो आणि त्याचा गोळा होतो. ग्लायकॉल निघून गेलेलं असल्यामुळे हा गोळा शून्याच्या जरा खालीच गोठतो. म्हणजे जो द्रव बर्फापासून वाचवायला मारला होता, त्याचाच अवशेष नियंत्रण गोठवतो, आणि तेही कधी कधी बर्फाचं नाव नसलेल्या, नुसत्या पावसाच्या दिवशी.

२००५ च्या सुमारास युरोपात बीएई १४६ आणि त्याच कुळातल्या ॲव्हरो जेटवर अशा घटना लागोपाठ झाल्या आणि ब्रिटनच्या अपघात तपास विभागाने त्यावर शिफारशी केल्या. ज्या विमानांत पायलटच्या हातांच्या जोरावर किंवा टॅबच्या मदतीने पृष्ठभाग हलतात, हायड्रॉलिकची ताकद मागे नसते, त्यांना हा धोका जास्त. युरोपात हा दोष अधिक दिसला, कारण तिथे एकाच टप्प्यात दाट द्रव गरम करून मारण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. उत्तर अमेरिकेत आधी गरम टाइप वन आणि मग टाइप फोर असे दोन टप्पे नेहमीचे; पहिला टप्पा जुना अवशेष बऱ्यापैकी धुऊन काढतो.

तपासणीची पद्धत साधी आणि उत्तम आहे: संशयित जागांवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा, थोडं थांबायचं, आणि टॉर्चने पाहायचं. कोरडा पापुद्रा फुगून चिकट गोळा दिसू लागतो. मग तो कोमट पाण्याने धुऊन, जागा वाळवून, गरज असेल तिथे पुन्हा ग्रीस भरायचं. एअरलाइनच्या हिवाळी वेळापत्रकात हे काम असतं. टाइप फोरचा वापर जितका जास्त, तितकं ते वारंवार व्हायला हवं.

कॉकपिटमधली तपासणी काय सांगत नाही

हायड्रॉलिक विमानात पृष्ठभागाला होणारा विरोध हाताला जाणवत नाही; म्हणून पडद्यावरच्या खुणा पृष्ठभागासोबत पूर्ण सरकतात का हे बघणं भाग आहे. डीसी-९ आणि एमडी-८० कुळात तर आणखी एक गोष्ट आहे. तिथे योक एलिव्हेटर हलवतच नाही, तो फक्त टॅब हलवतो, आणि एलिव्हेटर हवेच्या जोराने हलतो. ८ मार्च २०१७ रोजी अमेरिकेत मिशिगनमधल्या विलो रन विमानतळावर एका एमडी-८३ चा उजवा एलिव्हेटर उभं असताना जोरदार वाऱ्याने खालच्या बाजूला जाम झाला होता. कॉकपिटमधली तपासणी पूर्णपणे ठीक निघाली. टेकऑफच्या वेगाला योक ओढला आणि नाक उचललंच नाही. कॅप्टनने व्ही-वन (ज्या वेगानंतर टेकऑफ सहसा थांबवत नाहीत तो) ओलांडल्यावरही उड्डाण थांबवलं, विमान रनवे संपून पुढे गेलं, पण आतले सगळे ११६ जण वाचले. कारण वारा होता, बर्फ नव्हता, तरी आपल्यासाठी धडा तोच: योक मोकळा आहे याचा अर्थ पृष्ठभाग मोकळा आहे असा होत नाही. आपल्या सेसनात मान वळवून एलिव्हेटर दिसतो. वळवा.

आणि नियंत्रणं मोकळी असूनही पंखावर फ्रॉस्ट (गोठलेल्या दवाचा पातळ थर) असेल तर उडायचं नाही, हे वेगळं सांगतो कारण लोक दोन्ही गोष्टी एकत्र करतात. मध्यम ते जाड सँडपेपरइतका खडबडीतपणा पंखाची उचल तीस टक्क्यांपर्यंत कमी आणि वाऱ्याचा विरोध चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त करू शकतो. कॅनडाच्या विमान नियमांतलं ६०२.११ हे कलम पंख, नियंत्रण पृष्ठभाग, पंखा, स्टॅबिलायझर यांवर चिकटलेला फ्रॉस्ट, बर्फ, हिम असताना टेकऑफला मनाई करतं. १० मार्च १९८९ ला ऑन्टारियोतल्या ड्रायडनहून निघालेलं फोकर एफ-२८ बर्फ न काढता उडालं आणि २४ माणसं गेली. न्यायमूर्ती मोशान्स्की आयोगाने त्यानंतर सगळ्या व्यवस्थेवर बोट ठेवलं. तरीही १३ डिसेंबर २०१७ ला आमच्याच प्रेअरीच्या उत्तरेला, सस्कॅचवानमधल्या फाँ-द्यु-लॅकहून एक एटीआर ४२ बर्फ घेऊन उडालं आणि धावपट्टीपासून जवळच कोसळलं. त्यातल्या एका प्रवाशाचा पुढे मृत्यू झाला.

वहीत काय लिहायचं

पुन्हा पहिल्या नोंदीकडे जाऊ. "एलिव्हेटर जड, गरम केल्यावर ठीक" यातून मला काहीच शोधता येत नाही. त्याऐवजी इतकं लिहा: बाहेरचं तापमान, विमान रात्री कुठे होतं, हँगरमध्ये की बाहेर, कव्हर होतं का, आदल्या दिवशी पाऊस, बर्फ, स्लश, धुणं, डी-आयसिंगचा फवारा यांपैकी काय झालं, योक नेमका कुठे अडला, मागे जाताना की पुढे, गरम हवा किती वेळ आणि कुठे दिली, आणि पाणी बाहेर पडताना दिसलं का, दिसलं तर कुठून. शेवटचा प्रश्न सुटला तरी चालेल असं समजू नका, मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. पाणी पडताना दिसलं नसेल तर तसंच लिहा, "उड्डाण केले" असं न लिहिता विमान खाली ठेवा, आणि मी येईपर्यंत थांबा.